तळोज्याची परमनंट की ऐरोलीचा जास्त पगार? आधी दोन्ही पत्रं शेवटच्या पानापासून वाचू

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कळव्याला राहतात, वय ३७, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. सध्या रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीत मेंटेनन्सला आहेत. कंपनीची नवी गुंतवणूक सगळी गुजरातच्या प्लांटकडे चालली आहे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाहेर बघायला लागले आणि आता हातात दोन ऑफर आहेत. एक तळोज्यातल्या जुन्या केमिकल कंपनीची: परमनंट, सीटीसी (म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) ११ लाख ४० हजार. दुसरी ऐरोलीत उभ्या राहत असलेल्या डेटा सेंटरची: कंत्राटदाराच्या पेरोलवर, एक वर्षाच्या मुदतीची, सीटीसी १५ लाख ६० हजार. घराचा हप्ता ३४,०००. बायको खासगी शाळेत शिकवते, तिचा पगार २२,०००. मुलगी चौथीत. आई सोबत असते, तिला मधुमेह आहे. बँकेत हाताशी दीड लाख. सासरे म्हणतात परमनंट सोडू नका, मित्र म्हणतो हीच कमवायची वर्षं आहेत. तुम्ही विचारताय, पैसा बघू की स्थैर्य?

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत एचआरला होते आणि त्यातला बराच काळ पगारपत्रक आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, टेबलावर गेला. माणूस नोकरीत येतानाची कागदपत्रं ऑफिसात सगळेच बघतात. जातानाची माझ्याकडे यायची. त्यामुळे ऑफर लेटर मी शेवटच्या पानापासून वाचते. तुम्ही दोन्ही पत्रांचे तपशील दिलेत हे बरं केलंत, नाहीतर या प्रश्नावर कोणीही काहीही बोलू शकतो.

तुमच्या प्रश्नाची मी थोडी वेगळी मांडणी करते. ऐरोलीची नोकरी मध्येच सुटली, तर पुढची मिळेपर्यंत घर किती महिने चालेल? आणि पुढची मिळायला साधारण किती महिने लागतील? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर जास्त पगाराची नोकरी परवडते. लहान असेल तर ती कितीही आकर्षक असली तरी तुमच्या घराला झेपणारी नाही. काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत: रात्रपाळी तुम्हाला किती मानवते, बायकोची शाळा किती भरवशाची आहे, आईची तब्येत आत्ता कशी आहे. तिथे माझं उत्तर तुम्ही तुमच्या हिशेबाने वाकवून घ्या.

आधी पगार. सीटीसीत वर्षाला ४ लाख २० हजारांचा, म्हणजे महिन्याला ३५,००० चा फरक दिसतो. हा आकडा बराचसा कागदावरचा आहे. तळोज्याच्या पत्रात बेसिक ४५,००० आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर, म्हणजे तुमचे ५,४०० आणि कंपनीचे ५,४००. ग्रॅच्युइटीचे वर्षाला २६,०००, मेडिक्लेमचे १२,००० आणि व्हेरिएबलचे, म्हणजे कामगिरीवर मिळेल न मिळेल अशा भागाचे, ६०,००० सीटीसीतच धरलेत. हे सगळं काढलं की महिन्याचा कपातीआधीचा पगार ८१,४०० च्या आसपास राहतो आणि पीएफ, व्यवसाय कर कापून हातात साधारण ७५,८०० येतात. नव्या कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे इथे कर शून्य.

ऐरोलीच्या पत्रात पीएफ पूर्ण बेसिकवर न धरता कायद्यातल्या १५,००० पगाराच्या मर्यादेवर धरलाय, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८००. हे बेकायदेशीर नाही, पण तुमची बचत तेवढी कमी होते. प्रोजेक्ट कम्प्लीशन बोनस म्हणून १ लाख २० हजार शेवटी मिळणार आहेत. ते मी हिशेबात धरत नाही, का ते पुढे सांगते. विम्याचे वर्षाला १५,००० आणि कंपनीचा पीएफही वजा. उरतात महिन्याला १,१६,९५०. यावर मात्र आयकर लागतो, वर्षाला ८२,००० च्या थोडा वर. सगळं कापून हातात १ लाख ८ हजार. म्हणजे हातातल्या पगारातला फरक ३२,००० चा. पण तळोज्यात महिन्याला १०,८०० पीएफमध्ये पडतात आणि इथे ३,६००. तेही तुमचेच पैसे आहेत, म्हणून तो फरक वळता केला की खरा फायदा महिन्याला २५,००० उरतो. तळोज्याची ग्रॅच्युइटी मी बाजूला ठेवली, कारण परमनंट माणसाला ती पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. तुम्ही तिथे टिकणार असाल तर महिन्याचे आणखी दोन हजार कमी करा.

३५,००० चे २५,००० झाले. तरीही रक्कम लहान नाही, वर्षाला तीन लाख होतात. आता याच तीन लाखांकडे दुसऱ्या बाजूने बघा. तळोज्याची नोकरी पीएफ धरून महिन्याला ८६,६०० ची आहे. तीन लाखांना त्याने भागलं की साडेतीन महिने येतात. म्हणजे ऐरोलीत वर्ष पूर्ण झालं, करार संपला आणि तुम्ही साडेतीन महिन्यांच्या आत तळोज्याइतक्या पगाराची नोकरी मिळवलीत, तर तुमचं काही नुकसान नाही. त्याहून जास्त काळ घरी बसावं लागलं तर तळोजा घेतला असता तर बरं झालं असतं, असं म्हणावं लागेल. हे वर्ष पूर्ण झालं तर. चौथ्या महिन्यातच काढलं तर जमलेला फायदा फक्त एक लाख असतो आणि तो जेमतेम सव्वा महिना पुरतो. अशा नोकरीतला सगळा धोका पहिल्या सहा महिन्यांत असतो. पगाराचा आकडा बघताना नेमकं हेच निसटतं.

आता शेवटचं पान. तळोज्याच्या पत्रात दोन्ही बाजूंनी ९० दिवसांची नोटीस आहे. ऐरोलीच्या पत्रात तुम्ही सोडलंत तर ६० दिवस आणि त्यांनी काढलं तर १५ दिवस. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, पण यावर सही करण्याआधी बोलायलाच हवं. सासऱ्यांच्या पिढीला परमनंट शब्दाचा जो आधार वाटतो तो कामगारांसाठीच्या कायद्याचा होता. प्लांटमध्ये माणसं हाताळणारा इंजिनिअर त्या कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत बहुधा बसत नाही. तुमच्यासाठी परमनंटचा अर्थ एवढाच की पत्रावर शेवटची तारीख लिहिलेली नाही. तुम्हाला खरं संरक्षण नोटीस पीरियडचं आहे. ९० दिवसांची नोटीस म्हणजे कंपनीने उद्या नको म्हटलं तरी हातातल्या पगाराचे सव्वादोन लाख आणि शोधायला तीन महिने. दोन नोकऱ्यांच्या स्थैर्यातला मोजता येण्यासारखा फरक मुख्यतः इथे आहे, आणि तो बोलणी करून कमी करता येतो.

जुनी कंपनी म्हणजे टिकणारी कंपनी, हेही ठाणेकरांनी तरी गृहीत धरू नये. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि आज त्या जागेवर टॉवर आहेत. वागळे इस्टेटमध्ये शेड पाडून काचेच्या इमारती झाल्या. तळोज्यात तर प्रदूषणाचा वेगळा विषय आहे, कासाडी नदीचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. म्हणून त्या केमिकल कंपनीला मुलाखतीत एक प्रश्न विचारायला हवा होता, तो आता फोनवर विचारा: प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कधीपर्यंत आहे आणि मागच्या काही वर्षांत बंदची नोटीस आली होती का? मेंटेनन्सच्या माणसाने हे विचारलेलं कोणी गैर मानत नाही.

कंपनीची तब्येत बाहेरून तपासायचे रस्ते फुकट किंवा जवळजवळ फुकट आहेत, पण फार कमी उमेदवार ते वापरतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. तिथे कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती माणसांचा भरला, हे दिसतं. मी आजही कोणी सल्ला विचारला की आधी हेच उघडते. पीएफ भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची असते. जी कंपनी ती सतत चुकवते, तिथे पैशाची ओढाताण चालू आहे असं समजा. माणसांचा आकडा दोन-तीन वर्षांत हळूहळू खाली येत असेल तर तेही बोलकं आहे. मात्र कंत्राटदाराचा आकडा वरखाली होणारच, कारण त्याची कामं सुरू होतात आणि संपतात. त्याच्या बाबतीत तारखा बघा. दुसरा रस्ता क्रेडिट रेटिंगचा. बँकेचं मोठं कर्ज असलेल्या अनेक मध्यम कंपन्यांचं रेटिंग क्रिसिल, इक्रा, केअर यांच्यापैकी कोणीतरी केलेलं असतं आणि त्यामागची कारणं त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. धंदा दोन-तीन ग्राहकांवरच अवलंबून आहे का, देणी थकली आहेत का, हे तिथे सरळ लिहिलेलं असतं. नावापुढे इश्युअर नॉट कोऑपरेटिंग असा शेरा असेल तर कंपनी रेटिंग एजन्सीला माहिती देत नाही असा त्याचा अर्थ, आणि मी असते तर त्यावर एचआरला प्रश्न विचारला असता. तिसरा रस्ता जुनाच आहे. सुट्टीच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या आणि पगार कितव्या तारखेला होतो एवढं विचारा. ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, तेही न विचारता कळेल.

आता तो बोनस. प्रोजेक्ट कम्प्लीशन हे त्याचं नाव तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच महत्त्वाचं वाटलं. डेटा सेंटरमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला दोन प्रकारची कामं असतात. एक कमिशनिंगचं: बीएमएस (इमारतीची नियंत्रण यंत्रणा), चिलर, डीजी (डिझेल जनरेटर), यूपीएस ही सगळी यंत्रणा जोडायची, तपासायची आणि मालकाच्या ताब्यात द्यायची. ते संपलं की कंत्राटदाराला तुमची गरज संपते, मग पत्रावर एक वर्ष लिहिलेलं असो की दीड. दुसरं ऑपरेशन अँड मेंटेनन्सचं: तीच यंत्रणा चोवीस तास चालू ठेवायची. ते डेटा सेंटर चालू आहे तोपर्यंत संपत नाही. कंत्राटदार बदलला तरी पॅनेल आणि व्हॉल्व्ह ओळखणारी माणसं बहुतेक वेळा नवीन कंत्राटदार ठेवून घेतो, कारण नवी माणसं तयार करायला त्याला वेळ नसतो. असे बदल मी पगारपत्रकावर पाहिलेत, लोगो बदलतो आणि नावं बरीचशी तीच राहतात. तुमच्या पत्रात पद ‘इंजिनिअर, क्रिटिकल फॅसिलिटी’ आहे, म्हणजे ऑपरेशन वाटतं. बोनसचं नाव कमिशनिंगचं आहे. म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलंय. आणि प्रोजेक्ट कधी पूर्ण झाला हे कोण ठरवणार, त्याआधी तुम्हाला कमी केलं तर बोनसचं काय, हे पत्रात नाही. म्हणून मी तो हिशेबात शून्य धरला.

पेरोल कोणाचा हेही नीट विचारा. अशा ठिकाणी कधीकधी तीन पातळ्या असतात: जागेचा मालक, मुख्य कंत्राटदार आणि माणसं पुरवणारा. तुमचं पत्र तिसऱ्याचं असेल, तर तुमच्या एका वर्षाच्या करारामागे त्याचा वरच्याशी किती काळाचा करार आहे हे कळायला हवं. त्याचा सहा महिन्यांचा असेल तर तुमच्या बारा महिन्यांना तेवढा अर्थ उरत नाही. आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्या माणसाला एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. तुमच्या ऐरोलीच्या पत्रात ग्रॅच्युइटीचा शब्दच नाही. बेसिक ५८,००० धरलं तर वर्षाचे साधारण ३३,००० होतात. ते सीटीसीच्या आत आहेत की बाहेर, एवढं लेखी विचारून घ्या.

घराकडे येऊ. तुमच्या आकड्यांवरून हप्ता, किराणा, शाळा, आईची औषधं मिळून महिन्याला ७२,००० लागतात. बायकोचे २२,००० वजा केले की तुमच्याकडून किमान ५०,००० हवेत. हाताशी दीड लाख, म्हणजे तीन महिने. नवी नोकरी मिळायला किती काळ लागेल याचा अंदाज बाहेरच्या बातम्यांवरून बांधू नका. तुम्हाला दोन महिन्यांत दोन ऑफर आल्या, ही तुमच्याबद्दलची सगळ्यात खरी माहिती आहे. त्यात एकच घट धरा. नोकरीत असताना शोधणं आणि घरी बसून शोधणं यात फरक पडतो, समोरचा लगेच ओळखतो आणि पगार कमी सांगतो. दोनाचे चार महिने धरा. तीन महिन्यांची सोय आणि चार महिन्यांची गरज. अंतर मोठं नाही, पण आज ते तुमच्या विरुद्ध आहे.

पुढच्या नोकरीच्या दृष्टीने ऐरोलीचा अनुभव वाईट नाही. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर एकाला लागून एक उभी राहताहेत आणि हे काम आलेली माणसं लागतात. केमिकल प्लांटच्या अनुभवालाही मागणी आहे, पण ती पाताळगंगा, महाड, दहेज अशी पसरलेली आहे. कळव्यातून विटाव्यामार्गे ऐरोली गाठणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रवासाचा हिशेब मी एवढ्यावरच सोडते. तळोज्याची बस शिळफाट्याला किती वेळ उभी राहते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आईच्या विम्याचं मात्र दोन्ही बाजूंनी करा. कंत्राटदाराच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील बहुतेक नसतात, विचारून घ्या. तळोज्यात असतील, पण ते कव्हर नोकरीबरोबर संपतं. स्वतःची पॉलिसी घेतली तर मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं, म्हणून ती वर्षं आत्ताच मोजायला लागावीत. तळोजा घेतलात तरी हे करा.

माझं मत असं. ऐरोलीचं काम ऑपरेशनचं असेल आणि त्यांनी त्यांच्या बाजूची नोटीस १५ वरून ६० दिवस करून दिली, तर मी ऐरोली घेईन. ६० दिवसांची नोटीस म्हणजे दोन लाखांच्या वर रक्कम आणि शोधायला दोन महिने, आणि तुमचं ते एका महिन्याचं अंतर तेवढ्यात भरून निघतं. काम कमिशनिंगचं निघालं तर तळोजा, मग ऐरोलीवाले नोटीस वाढवून देत असले तरी. तुमच्याकडे दीडऐवजी तीन लाख असते किंवा बायकोचा पगार ५०,००० असता, तर कमिशनिंगलाही मी हो म्हटलं असतं. रबाळ्यात राहण्याचा तिसरा पर्यायही आहे, पण राजीनामा दिल्यावर ते थोडे पैसे वाढवून देतील आणि प्लांट तरीही गुजरातलाच वाढत राहील. ती वाट मी फार गंभीरपणे घेणार नाही.

ऐरोली घेतलीत तर पहिल्या वर्षी गृहकर्जाची प्रीपेमेंट करू नका. व्याज वाचतं हे खरं, पण कर्जात भरलेले पैसे अडचणीच्या महिन्यात परत मागता येत नाहीत. जास्तीच्या ३२,००० पैकी २५,००० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांत तुमचे दीडाचे तीन लाख होतात आणि नोकरी मध्येच सुटली तरी घर सहा महिने चालतं. त्यानंतर गाडी घ्या की कर्ज फेडा, ते तुमच्या घरचं आहे.

उद्या सकाळी ऐरोलीच्या एचआरला फोन न करता ईमेल करा, चार ओळींचा. काम कमिशनिंगचं की ऑपरेशनचं; कंत्राटदाराचा मूळ करार कधीपर्यंत; नोटीस दोन्ही बाजूंनी ६० दिवस करता येईल का; ग्रॅच्युइटी आणि बोनसची अट पत्रात लिहून मिळेल का. फोनवर सगळ्याला हो मिळतं, त्याचा उपयोग नाही. तळोज्याला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे म्हणता, तर त्यांच्याकडून चार दिवस मागून घ्या. सध्याच्या कंपनीशी नोटीस पीरियडबद्दल बोलायचं आहे, एवढं कारण पुरतं, आणि ते खरंही आहे. ऐरोलीचं उत्तर सोमवारपर्यंत आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर तळोज्याच्या पत्रावर सही करा. दोन्हींपैकी कुठलंही पूर्ण नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत रबाळ्यात राजीनामा देऊ नका.